एकच वर्ष जुनं करायचं होतं

नवी वस्तू जुनी करून हवी असेल तर आपल्यासारखा दुसरा माणूस सापडायचा नाही, असं काका छातीठोकपणे सांगत, आणि ते खोटंही नव्हतं. इतर कारागिरांकडे लोक जुनी खुर्ची नवी करायला नेतात. काकांकडे लोक कोरी करकरीत खुर्ची घेऊन येत आणि म्हणत, हिला जरा पणजोबांची करून द्या. मग काका किल्ल्यांचा जुडगा घेऊन त्या खुर्चीला हलकेच बदडत, कडा पॉलिश पेपरने घासत, चहाच्या पाण्याचा हात देत, टोच्याने किडीची भोकं पाडत आणि वर लाखेचं पॉलिश चढवत. आठवड्याभरात खुर्ची अशी दिसे, की तिच्यावर बसायच्या आधी नमस्कार करावा. घराच्या मागच्या खोलीतच त्यांचं दुकान होतं, आणि सगळी गल्ली त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणत असे.

काकूंचा स्वभाव नेमका उलटा. नवी वस्तू नवीच राहिली पाहिजे, आणि त्यासाठी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ती वापरायचीच नाही. चांगली चादर पाहुण्यांसाठी होती, आणि पाहुणे आले की ती त्यांच्याहून चांगल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवली जाई. लग्नात आलेल्या सहा काचेच्या पेल्यांना अजून पाण्याचा थेंब माहीत नव्हता. काका यावरून त्यांची थट्टा करत, पण ती जरा लांबूनच.

त्यांची एकुलती एक लेक दूरच्या शहरात नोकरीला होती. गेल्या वर्षभरात तिला एकदाही घरी यायला जमलं नव्हतं. त्याची भरपाई म्हणून तिने आईसाठी एका कंपनीची वर्षाची वर्गणी भरली होती. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक गुलाबी पेटी घरपोच यायची आणि तिच्यात लिपस्टिक, क्रीम, पावडर, ब्रश असं काहीबाही असायचं. पेटी आली की लेक फोन करून विचारायची, कसं आहे? काकू पेटीवरची अक्षरं चष्मा लावून वाचायच्या आणि भरभरून कौतुक करायच्या. एकदा त्यांनी रात्री लावायचं क्रीम रोज सकाळी लावते म्हणून सांगितलं, आणि एकदा, ब्रश लावल्यापासून कातडी फार मऊ पडली, असंही. लेकीला वाटलं आई गंमत करतेय.

कारण पेटी एकही उघडलेली नव्हती. बाराच्या बारा कपाटाच्या खालच्या खणात, त्या चांगल्या चादरीखाली, रांगेने झोपल्या होत्या. तोंडाला लावायला काकू स्वयंपाकघरातलंच काढत. सोमवारी दही आणि मध, बुधवारी काकडीच्या चकत्या, शनिवारी अंड्याचा पांढरा भाग. हा सगळा अभ्यास त्या मोबाईलवर बघून करायच्या, आणि अंडं वाळेपर्यंत बोलायचं नाही असं मोबाईलवरची बाई सांगत असल्यामुळे काकांना शनिवार फार आवडे.

बिंग फुटायची वेळ आली ती एका गुरुवारी. लेकीचा फोन आला की परवा येतेय, दोन दिवस आहे. काकूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग लेक म्हणाली, सगळ्या पेट्या काढून ठेव, दोघी मिळून बघू काय संपलं, काय उरलं, त्यावरून पुढच्या वर्षीचं ठरवू. काकूंच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं.

फोन ठेवल्यावर त्यांनी काकांना खण उघडून दाखवला. काकांना इतके दिवस ते उशांचे अभ्रे वाटत होते.

"तिला वाटेल, आईला माझं काही नकोच आहे," काकू म्हणाल्या. "वर्षभर पोरीने आठवणीने पाठवलं, आणि मी वर्षभर खोटं बोलले. अहो, काहीतरी करा."

काकांनी एक पेटी उचलली, उलटसुलट केली आणि मिशीत हसले. "अगं, नवीन वस्तू वापरलेली दाखवायची. एवढंच ना? हेच करून तर आपण जेवतो. तू निवांत झोप."

आधी काकूंनी स्वतः करून बघितलं. एक लिपस्टिक उघडून त्यांनी तिचं टोक कागदावर टेकवलं, पण हात पुढे सरकेना. इतकं गुळगुळीत, इतकं नीट कापलेलं ते टोक बिघडवायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी टोपण लावून सगळा ढीग नवऱ्याच्या हवाली केला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

शुक्रवारी सकाळी काका कामाला बसले. सुरुवात त्यांनी अगदी बेताने केली, हे सांगायला हवं. लिपस्टिकच्या चार रेघा कागदावर ओढल्या, पावडरीत अंगठ्याने एक खळगा केला, क्रीमची बोटभर मात्रा काढून पुसून टाकली. एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण कारागिराचा हात एकदा तापला की त्याला थांब म्हणणारं कोणी लागतं, आणि काकू तर तिकडे बघायलाच तयार नव्हत्या. वस्तूला जिथे हात लागतो तिथे ती झिजते, हा काकांचा मूळ सिद्धान्त. डबीला हात कुठे लागेल? कडेला. म्हणून कडा घासल्या. झाकणावरची सोनेरी अक्षरं अंगठ्याखाली येतात, म्हणून ती अर्धी पुसली. आरशाला कोपऱ्यात डाग पडायलाच हवेत, ते पाडले. पेट्यांचा गुलाबी रंग फारच टवटवीत होता, त्याला चहाच्या पाण्याचे दोन हात दिले. पावडरीची वडी घासताना भुगा व्हायला लागली, तेव्हा ती धरून राहावी म्हणून सवयीने वरून लाखेच्या पॉलिशचा एक पातळ हातही मारला.

अडचण एवढीच होती की उभ्या आयुष्यात काकांकडे एक वर्ष जुनं असं कोणी काही मागितलंच नव्हतं. पन्नासच्या खाली त्यांचा हात बसलेला नव्हता.

शनिवारी लेकीची बस यायच्या अर्धा तास आधी त्यांनी टेबलावर सगळं मांडलं आणि काकूंना हाक मारली. काकू बघतच राहिल्या. नवरा अभिमानाने उभा होता, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं की यातलं थोडं परत नवं करता येईल का. काका म्हणाले, ते काम आपण घेत नाही. तेवढ्यात दार वाजलं.

लेक आली, आईच्या गळ्यात पडली, बाबांना नमस्कार झाला, आणि बॅग खाली ठेवायच्या आत तिची नजर टेबलावर गेली. तिने पावडरीची डबी उचलली, आरशात स्वतःचं डागाळलेलं तोंड बघितलं आणि हळूच विचारलं, "आई, हे आजीचं आहे का?"

काकू घाईघाईने म्हणाल्या, छे, तूच पाठवलेलं, चौथ्या महिन्यातलं. रोज वापरते ना, म्हणून.

लेकीने दुसरी डबी बघितली, तिसरी बघितली. मग तिचा चेहरा लाल झाला. ती स्वतः हिशेबनीस होती, आणि फसवणूक म्हटली की तिच्या अंगात वारं यायचं. बारा महिने या लोकांनी माझ्या आईला गोदामातला कुजका माल पाठवला, आणि ती बिचारी मला वाईट वाटू नये म्हणून छान आहे, छान आहे म्हणत राहिली! तिने तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. तिने फोटो मागितले, लेकीने पाठवले. मुलीने ते उघडून बघितले. मग ती अतिशय अदबीने म्हणाली की मॅडम, आमची कंपनी सुरू होऊन तीनच वर्षं झाली आहेत, आणि या वस्तू त्याच्या फार आधीच्या दिसतायत. लेक आणखी भडकली. मग मुलीने पेटीवरचा क्रमांक विचारला आणि सांगितलं की या सगळ्या पेट्या एकाच बाईंनी भरल्या आहेत, मी आत्ताच त्यांच्या साहेबांना कळवते, त्यांच्यावर कारवाई होईल.

हे ऐकल्यावर काकूंना ती बाई डोळ्यांपुढे दिसायलाच लागली. कुठल्या तरी शहरात कोणी तरी बाई, जिने बारा महिने नीट कागद लावून पेट्या भरल्या, तिची नोकरी आपल्या खोटेपणापायी जाणार. त्यांनी काकांकडे बघितलं. काका छताकडे बघत होते.

"माल चांगला आहे," काकू मोठ्याने म्हणाल्या. "उत्तम आहे. हे बघ, मी लावून दाखवते." आणि कोणी अडवायच्या आत त्यांनी डबीतला स्पंज उचलला, चौथ्या महिन्याच्या पावडरीवर जोर लावून घासला आणि गालावर दाबला.

पॉलिश काल संध्याकाळचं होतं, आणि जाड भागात अजून पुरतं वाळलं नव्हतं. काकूंनी हात काढला तर स्पंज गालावरच राहिला. त्यांनी जरा ओढून बघितलं, तर स्पंजाबरोबर गालही आला. काका धावत पुढे झाले आणि स्पिरिटची बाटली आणतो म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते होते तिथेच थांबले.

लेक म्हणाली, "बाबा, स्पिरिट कशाला? याला लाखेचा वास का येतोय?"

मग मात्र सगळं बाहेर आलं. काकूंनी स्पंजासकट सांगितलं, खण, चादर, दही, मध, अंडं, आणि वर्षभराचे फोन. काकांनी मध्ये मध्ये स्वतःच्या कामाचा बचाव करायचा प्रयत्न केला, पण त्यांना कोणी बोलू दिलं नाही. लेक खुर्चीत बसून ऐकत होती. तिला राग आला नव्हता, लागलं होतं, आणि ते चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"का नाही वापरलंस गं?" तिने विचारलं. "आवडलं नसतं तर सांगायचं."

"आवडलं नाही कसं? वापरलं असतं तर संपलं असतं."

"संपलं असतं तर पुढच्या महिन्यात दुसरी पेटी आलीच असती ना."

"पेटी आली असती," काकू म्हणाल्या. "तू कुठे येत होतीस? तुझ्याकडून आलेलं घरात काहीतरी असू दे म्हटलं."

काका खाली वाकून, जमिनीवर न सांडलेलं काहीतरी पुसायला लागले. लेक उठून आईजवळ गेली, तेवढ्यात टेबलावरून अगदी बारीक आवाज आला. ती फोनवरची मुलगी अजून तिथेच होती.

"मॅडम," ती म्हणाली, आणि तिचाही आवाज जरा ओला झाला होता, "तक्रार मागे घेतली असं लिहू का?"

लेकीने तिची माफी मागितली, पेट्या भरणाऱ्या बाईंना नमस्कार सांग म्हणाली आणि फोन ठेवला. मग मायलेकी स्वयंपाकघरात गेल्या. कोमट तेलाचे बोळे लावून लावून अर्ध्या तासाने स्पंज सुटला. हा उपाय मोबाईलवरच्या बाईचाच होता, हे काकूंनी दोनदा ऐकवलं. तो दिवस आणि दुसरी दुपार दोघी एकमेकींना चिकटूनच होत्या. काका मधून मधून येऊन बघून जात.

रविवारी निघायच्या आधी लेकीने आईला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं आणि स्वतःच्या पर्समधलं काढून तिचं तोंड रंगवलं. फार नाही, थोडंसं. पण काकूंनी आरशात पाहिलं आणि लगेच खाली बघितलं. काकांना वाटलं, चाळीस वर्षांपूर्वी आपण हिला बघायला गेलो तेव्हा हिने असंच खाली बघितलं होतं. ते त्यांनी बोलूनही दाखवलं, आणि लेकीसमोर बोलल्याबद्दल ओरडाही खाल्ला.

त्यानंतर काकूंनी चहाला नको म्हटलं. दर दोन तासांनी चहा लागणारी बाई, पण ओठांवरचं जाईल म्हणून घोटभर पाणीसुद्धा पोटात गेलं नाही. बोलायच्या त्याही ओठ न हलवता. बसथांब्यापर्यंत त्या मान ताठ ठेवून, उन्हातून सावली शोधत, कोणाचा धक्का लागणार नाही अशा चालल्या. काकांनी मनात म्हटलं, ही आता आठवडाभर तोंड धुणार नाही.

बस आली. लेकीने सामान चढवलं आणि निरोप घ्यायला वळली. तिने जपूनच हात पुढे केला होता, आईचा चेहरा बिघडू नये म्हणून. काकूंनी तो हात बाजूला सारला आणि लेकीच्या खांद्यात तोंड खुपसून त्या मनसोक्त रडल्या. कंडक्टरने दोनदा घंटी दिली तरी सोडेनात. सुटल्या तेव्हा अर्धा चेहरा त्यांच्याकडे होता आणि अर्धा लेकीच्या पांढऱ्या सदऱ्यावर. गाल, ओठ, डोळ्यांतलं काळं, सगळं जागच्या जागी उमटलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकीचा फोन आला. नीट पोचले, कामावरही जाऊन आले म्हणाली. मग सदऱ्यावरच्या डागांचा विषय निघाला, आणि डाग म्हटल्यावर काका पुढे सरसावले. लिपस्टिक कशाने निघते, काजळ कशाने निघतं, हे त्यांनी क्रमवार सांगायला सुरुवात केली.

लेक म्हणाली, "नको बाबा. तो सदरा मी धुणारच नाहीये. तसाच घडी करून कपाटात ठेवलाय."

काकूंनी काकांच्या हातातून फोन ओढून घेतला. "वेडी आहेस का तू?" त्या कडाडल्या. "एवढा चांगला सदरा, आणि कपाटात काय ठेवतेस? वस्तू वापरायला असतात!"

काकांनी तोंड उघडलं. मग बायकोच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं, ते मिटलं, आणि चहा ठेवायला आत गेले.