सोळा किलोमीटरची वाडी

अणुभट्टीत काही बिनसलं तर कोणी, कोणत्या कलमाखाली, कोणाला गावाबाहेर काढायचं, हे आमच्या कचेरीत फक्त मला पाठ आहे. आपत्ती शाखेत अकरा वर्षं काढली आहेत मी. आमच्या आसपास अणुभट्टी नाही, त्यामुळं अकरा वर्षांत कोणी विचारलं नाही, हा भाग वेगळा.

मागच्या महिन्यात वरून पत्र आलं. अणुभट्टी आहे असं समजून कागदावर सराव करा, कायद्याप्रमाणं नमुना आदेश तयार करा. मी बाह्या सरसावल्या. समजायचीच आहे तर भट्टी पैठण रोडला समजू, आणि भट्टीभोवती रिकामा करायच्या सोळा किलोमीटरच्या पट्ट्यात बसवली आमचीच वाडी, चितेगावच्या पुढची. तिथली घरं मला तोंडपाठ. आपत्ती व्यवस्थापन कायदा, कलम चौतीस, तात्काळ स्थलांतर. खरा वाटावा म्हणून खाली 'प्रत : सरपंच' असंही टाकलं. साहेबांनी गठ्ठ्यातल्या बाकी कागदांबरोबर त्याच्यावरही सही केली आणि ते मुंबईच्या बैठकीला गेले.

'सराव' हा शब्द फक्त आदेशाला जोडलेल्या माझ्या पत्रात होता. जावक टेबलावरच्या मोनिकानं ते पत्र मुंबईला पाठवलं. आदेशाखाली 'प्रत' दिसली, म्हणून जावक क्रमांक टाकून, गोल शिक्का मारून तो वाडीला धाडला. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सरपंच सुदर्शनचा फोन आला.

"गोकुळभाऊ, निम्मी वाडी ट्रॅक्टरमधी बसली. शेरडं बी न्यायची का?"

"अरे थांबव, सराव आहे तो."

"लेखी द्या. मुद्दा नऊ वाचा की : तोंडी सूचनेवर विश्वास ठेवू नये."

मुद्दा नऊ मीच लिहिला होता, आणि चांगला लिहिला होता.

आदेश रद्द करायचा तर सही साहेबांचीच लागणार, आणि साहेबांचा फोन बंद. नोकरी तर गेल्यातच जमा होती, पण मला काळजी वेगळीच होती. आई वाडीत एकटी असते. वय शहात्तर, गुडघे गेलेले. तिला ट्रॅक्टरवर कोणी चढवलं असेल? तिचा फोन वाजत होता, उचलत नव्हती.

मी मोटारसायकल काढली. वाटेत आमची वाडी समोरून येताना दिसली. चार ट्रॅक्टर, शेरडं, वच्छलाबाईंचा कूलर. प्रत्येक ट्रॅक्टरमध्ये डोकावलो, आई कुठंच नव्हती. पुढचे बारा किलोमीटर मी कसा गेलो ते मलाच माहीत.

वाडीत चिटपाखरू नव्हतं. आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

मी धापा टाकत विचारलं, "आई, तू गेली नाहीस?"

"सुदर्शन आल्ता कागद घेऊन. म्हन्ला, तुमच्या गोकुळनंच लिव्हलंय. मंग कशाला उठू?"

"म्हणजे?"

"अकरा वर्सं झाले, येत्या रविवारी येतो म्हन्तूस. कोन्ता रविवार खरा झाला?" तिनं शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं. "आज आलास, बरं झालं. चहा ठिवते."

मी शेंगा फोडायला बसलो.

तीन वाजता साहेबांचा फोन लागला. ते जे बोलले ते कोणत्याही कायद्यात नाही. रद्दचा आदेश आला, संध्याकाळपर्यंत वाडी परत आली. वरून शेरा आला, स्थलांतर अत्यंत समाधानकारक, सविस्तर अहवाल पाठवा.

अहवालात एक रकाना आहे : आदेश न पाळणाऱ्या व्यक्तींची नावं आणि कलम एक्कावन्न खाली केलेली कारवाई. तेही कलम मला पाठ आहे, एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. आदेश न पाळणारी अख्ख्या वाडीत एकच होती.

मी तिथं लिहिलं, 'निरंक'. आणि रविवारची वाट न बघता वाडीला जाऊन आलो.