गॅरेजातलं मिठागर

विनिपेगच्या वैजयंती ठाकूरच्या गॅरेजात त्या डिसेंबरपासून दिवसातून दोनदा भरती येऊ लागली.

विनिपेग काही समुद्राकाठचं गाव नव्हे. जिकडे बघावं तिकडे सपाट जमीन, आणि तीही अर्धं वर्ष बर्फाखाली गाडलेली. त्यामुळे सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. गाडी बाहेरून येते, चाकांच्या वर अडकलेला बर्फ गॅरेजात वितळतो, रस्त्यावर टाकलेलं मीठ त्याच्याबरोबर खाली उतरतं आणि फरशीवर खारट राडा होतो. हे त्या शहरात घरोघरी चालतं. वैजूचा नवरा प्रीतम यानं त्यासाठी उंच कडांची रबरी चटई आणली होती. रोज कामावरून आला की तो वायपर घेऊन पाणी फरशीतल्या जाळीकडे लोटायचा. एक दिवस लोटलेलं पाणी जाळीतून परत आलं. गेलं होतं त्याहून बरंच जास्त आलं, थोडा वेळ थबकलं आणि आपलं आपण निघून गेलं.

"पाइप तुंबला असेल," प्रीतम म्हणाला.

मागून कुणीतरी खाकरलं. वैजूचे बाबा. ते कुठल्याही खोलीत शिरण्याआधी दाराशी खाकरत, लेकीच्या घरातसुद्धा. गावाकडे थोरली माणसं तसंच करतात, घरातल्या बायांना पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून. वैजू विनिपेगला जीनपँटीत वावरायची, पण बाबांचं खाकरणं काही सुटलं नव्हतं.

"तुंबला नाय," ते म्हणाले. "भरती हाय. आज अष्टमी, भांगाची भरती, म्हनून एवढीच आयली. पुनवेला बघा."

बाबांचा, म्हणजे हिराजी घरतांचा, अख्खा जन्म पेणकडच्या खाडीवर मिठागरात गेला होता. त्यांचा शब्द खोटा ठरायचं काही कारण नव्हतं. प्रीतमनं मुकाट्यानं गाडी बाहेर काढून ठेवली. फरशीवर पाण्याची पातळ रेघ सुकत होती आणि तिला चिखलाचा, खेकड्यांचा वास येत होता. वैजूला तो वास लगेच ओळखू आला.

मग रीतसर नगरपालिकेचा माणूस आला. सभ्य होता बिचारा. बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून तो भरती येईपर्यंत थांबला, पाणी चढलं तिथं भिंतीवर खडूनं रेघ ओढली आणि बोट चाटून पाहिलं.

"समुद्र आहे," त्यानं सांगितलं. "गॅरेजात असायला हरकत नाही. पण उंबरा ओलांडून घरात आला, तर घर किनारा धरलं जाईल. किनाऱ्यावर लहान मुलांना झोपवता येत नाही. नियम आहे."

उंबऱ्याच्या पलीकडे लगेच इराची खोली होती. इरा म्हणजे वैजूची लेक, बालवाडीत जाणारी.

"आणि ओहोटीवर लक्ष ठेवा," जाता जाता तो म्हणाला. "भरतीनं कुणाचं बिघडत नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं. ओहोटी दरवेळी घरातलं काहीतरी घेऊन जायची. आधी बर्फ ओढायचं फावडं गेलं, मग प्रीतमची ती रबरी चटई. एका सकाळी इराचा एक लाल बूट दिसेना. जाळीची भोकं बोट शिरेल एवढीच होती, पण फावडं तिथूनच गेलं होतं, तेव्हा बुटाचं नवल कुणी कशाला करावं?

बाबा मात्र खुलले होते. वैजूची आई गेल्यावर, मिठाच्या ऐन हंगामात, वैजूनं चार दिवसांत सगळं आवरून त्यांना इकडे आणलं होतं. तेव्हापासून म्हातारा खिडकीपाशी बसून बर्फाकडे बघत राहायचा, कशाचीही चव लागत नसल्यासारखा जेवायचा. आता ते लेकीनं घेतलेला जाडजूड कोट घालून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गॅरेजात प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसत, पाय पाण्यात सोडत आणि पाण्याशी गप्पा मारत. कुणाची सोयरीक कुठं झाली, कोण गेलं, असल्या गप्पा. मध्ये मध्ये थांबून ऐकतही असत. त्यांना हसताना बघून वैजूच्या जिवाला बरं वाटायचं, तरी ओहोटी लागायच्या आत ती त्यांना हाताला धरून घरात आणायची.

एकादशीच्या दिवशी इरा गॅरेजात सापडली. पाणी उतरत होतं आणि ती मधोमध उभी होती. तिचे पाय घोट्यापर्यंत सिमेंटमध्ये रुतले होते. वैजूनं तिला हिसडून वर काढलं, तेव्हा पायाला काळाभोर चिखल होता. फरशी तशीच टणक.

"मला पाण्यानं बोलावलं," इरा म्हणाली. "आजोबांचं नाव घेऊन."

त्या दुपारी वैजूनं बाबांना समोर बसवलं. "बाबा, हे काय चाललंय? तुला ठाऊक आहे. सांग मला."

बाबा जरा वेळ गुडघे चोळत राहिले. "हंगाम सरला का बांधातली उघाडी, पान्याची फली, काढायची, बांधावर उभं ऱ्हायाचं नि पान्याला 'जा' सांगायचं. तवा पानी सुटतं. आमी सांगितलंच नाय. तुझी आय गेली, तू आयलीस, निघालो. मागं आगरावर भराव पडला, गोदामं झाली. मंग पानी जाईल कुठं? ज्यानं अडवलं त्याच्याकडंच येनार."

"मग आता सांग की जा म्हणून."

"रोज सांगून बघतो. माझं ऐकत नाय. माझ्या पोटात 'ये' हाय, त्याला कलतं ना." ते तिच्याकडे बघेनात. "तू सांग. तू वारस. पुनवेला सांग, कोरड्यात उभी ऱ्हाऊन. पन ते रिकामं जानार नाय, वैजू. मना न्यायला आयलंय. ओहोटीला मी गावत नाय म्हनून पोरीला हात लावतंय."

"मी नाही सांगणार."

"मंग उंबरा ओलांडंल."

वैजू तिथून उठून गेली. प्रीतमनं दाराला रबराची पट्टी ठोकली, वाळूच्या पिशव्या रचल्या, इराचा पलंग माडीवर नेला. पुढच्या भरतीला पाणी माडीच्या जिन्याखालच्या भिंतीतून पाझरलं. ते कुणाला शोधतंय हे आता उघड होतं, आणि बाबा भेटले नाहीत तर कुणावर भागवेल, हेही.

पौर्णिमेला भर दुपारी उधाण आलं. तिकडे पेणला तेव्हा मध्यरात्र होती, पण पौर्णिमेची भरती दुपारी बारालाही येते आणि रात्री बारालाही. बाबांनी कोट काढून खुंटीला नीट अडकवला. आत आगरात घालायची जुनी अर्धी चड्डी होती. ती त्यांनी एवढ्या लांब आणली होती हेच वैजूला माहीत नव्हतं.

"येतो मामा पाण्यात तुमच्याबरोबर, जरा धरून राहतो," प्रीतम म्हणाला.

"जावईबापू, तुमी पोरीला घेऊन माडीवर बसा," बाबा म्हणाले. प्रीतम त्यांच्या पाया पडला आणि वर गेला.

बाबा पाण्यात उतरले. गॅरेजाच्या मधोमध ते कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, आणि कडेला, वैजूच्या पायाशी, पाणी जेमतेम उंबऱ्याला टेकलं होतं. त्यांच्या मागं भिंत असायला हवी होती. तिथं काळोख होता आणि काळोखातून वारा येत होता.

"नुसतं 'जा' बोलायचं," त्यांनी बजावलं. "आपल्यात निघनाऱ्याला जा म्हनत नाय, मना म्हाईत हाय. पन पान्याला 'ये' ऐकू गेलं तर ते परत येतं. जीभ आवर."

"बाबा, वर ये ना. काहीतरी दुसरं बघू."

"वैजू. उंबरा."

पाणी तिच्या पावलांवरून आत सरकत होतं. माडीवर इरा रडायला लागली. वैजूनं तोंड उघडलं. आई गेली तेव्हा ती विमानात होती, तिला निरोप द्यायला मिळाला नव्हता. आज मिळत होता, तर तो असा. लहानपणापासून दारात उभं राहून एकच बोलायची सवय जिभेला होती. जाणारा कुणीही असो, पाहुणा असो की बोहारीण.

"ये हां बाबा," ती म्हणाली. "सांभाळून ये."

क्षणभर पाणी थांबलं. बाबांनी कपाळावर हात मारला.

"झाला घोटाला," ते म्हणाले. पण हसत होते.

मग ओहोटी लागली. पाणी भराभर उतरलं आणि त्याच्याबरोबर बाबा, पाठ न फिरवता, लेकीकडे बघत. वैजूनं डोळे पुसून पाहिलं तर भिंत होती, जाळी होती, खुंटीला कोट होता. फरशीवर पांढरं शुभ्र मीठ पिकलं होतं. तिनं ते बसून ओंजळींनी गोळा केलं, बरणीत भरलं आणि मग मोठ्यानं रडली.

नगरपालिकेचा माणूस येऊन फरशी बघून गेला. कोरडी आहे, असा त्यानं शेरा दिला. खडूची रेघ पुसू का, म्हणून विचारलं. वैजू नको म्हणाली. बरणीतलं मीठ घरात वर्षभर पुरलं.

पुढच्या हिवाळ्यात पहिला बर्फ पडला. प्रीतम गाडी आत घेऊन आला, चाकांवरचा बर्फ फरशीवर वितळला, आणि त्यानं नेहमीप्रमाणे वायपर उचलला.

"राहू दे," वैजू स्वयंपाकघरातून म्हणाली. "आज पुनव आहे."

प्रीतमनं वायपर कोपऱ्यात ठेवला. थोड्या वेळानं घरात चिखलाचा आणि खेकड्यांचा वास भरला. उंबऱ्याबाहेर इराचा लाल बूट येऊन पडला होता, आता तिला होणार नाही एवढा लहान. प्रीतमनं तो उचलून निथळत ठेवला आणि इराला जवळ ओढून घेतलं.

गॅरेजच्या दाराशी कुणीतरी खाकरलं.

वैजूनं जीनपँटीवर आज मुद्दाम घेतलेली ओढणी सारखी केली आणि चहाच्या आधणात आणखी एक कप पाणी घातलं.