उपरण्याखालचा भाव

भगवानरावांच्या आडत दुकानात रोज सकाळी, उदबत्ती लागण्याआधीच, एक सौदा होत असे. आणि तो मालकांपासून लपवला जात असे. मालकांना तो दिसला तो केवळ योगायोगाने. मुनीम कडूबा आणि मापारी इंद्रभान पोत्यांच्या आडोशाला उभे होते. दोघांचे उजवे हात एका उपरण्याखाली गेलेले, आणि नजरा मात्र दोन दिशांना, जणू जन्मात ओळख नाही. हात सुटले. इंद्रभानने सुस्कारा टाकला आणि तोच हात हमाल दयारामच्या उपरण्याखाली सारला.

चिखलीच्या बाजारात आता लिलाव उघड होत; तरी उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जुनी रीत हातांनी सोडली नव्हती. जो तिसऱ्याला कळू नये, तोच भाव उपरण्याखाली जाई. मग हा भाव कशाचा? भगवानरावांनी दाराबाहेर पाहिले. महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी किसनरावांनी समोर नवे दुकान थाटले होते. तुरीचा हंगाम तोंडावर आला होता आणि शेतकरी गाड्या लावत ते कडूबाच्या शब्दावर अन् इंद्रभानच्या काट्यावर. हे दोघे रस्ता ओलांडून गेले, तर मागे गादी, तक्क्या आणि आपण एवढेच उरणार, हे त्या कोवळ्या, धुळकट उन्हात त्यांना फार स्पष्ट दिसले.

"किसनरावनं आपले माणसं फोडले," संध्याकाळी ते घरी म्हणाले.

"माणसं असे फुटत नसतेत," भाकरी थापता थापता त्यांच्या पत्नी वच्छलाबाई म्हणाल्या. "त्यायले रोज ठोकाव लागते. अन् ते काम तर तुम्हीच करता."

दुसऱ्या दिवशी बंदोबस्त सुरू झाला. मालकांची गादी दारात आली. कडूबाला आतल्या खोलीत आणि इंद्रभानला बाहेर काट्यापाशी बसवले. तेव्हा दयाराम पोते उचलायच्या निमित्ताने आत जाई आणि बाहेर येई. येताना त्याचा चेहरा कधी खुललेला, कधी पडलेला. भाव पोचत होता! अखेरीस भगवानरावांनी दाराशी खुंटी ठोकली आणि फर्मान काढले, "आजपासून खांद्यावर उपरणं घेऊन दुकानात कोनी याचं नाही."

नियम सर्वांना सारखा, असे त्यांच्या तोंडून रागाच्या भरात निघून गेले आणि ते नेमके शालिग्राम पाटलांच्या वाट्याला आले. पाटील तुरीच्या तीन गाड्या घेऊन आले होते.

"उपरणं काढू? काऊन हो भगवानराव, मी दुकानात आलो का मयतीले?"

"नियम हाय पाटील."

"मंग नियमालेच मांगा तूर," पाटील म्हणाले आणि त्यांनी गाड्या वळवल्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज रस्ता ओलांडून किसनरावांच्या दारात थांबला. भगवानरावांना दुःख झाले, पण त्याहून अधिक समाधान: कट होता, हे सिद्धच झाले!

त्या संध्याकाळी त्यांनी रात्री दुकानाच्या ओट्यावर झोपणाऱ्या दयारामला न मागता रजा दिली आणि त्याचे घोंगडे ठेवून घेतले. दयाराम घाबरून वळून वळून पाहत गावी गेला.

पहाटे धुके असतानाच, चहाही न घेता, भगवानराव घोंगडे पांघरून दुकानाच्या ओट्यावर दयारामच्या जागी बसले. आपल्याच दारात परक्यासारखे बसलेल्या माणसाला थंडी जरा जास्तच लागते. काही वेळाने किल्ल्यांचा आवाज आला. रोजच्यासारखा मालकांच्या घरून किल्ल्या घेऊन आलेला कडूबा शेजारी टेकला आणि त्याचा हात घोंगड्याखाली शिरला. त्याने पाचही बोटे गच्च दाबली.

"लय जपून ऱ्हाय रे दयाराम," तो पुटपुटला.

"पाच काय बे?" भगवानरावांनी घोंगडे भिरकावले. "किसनराव पाच काय देऊन राह्यला तुले?"

कडूबाच्या हातातल्या किल्ल्या ओट्यावर पडल्या. "मालक, किसनरावचा नाही हो हा भाव."

"मंग कोनाचा?"

"तुमचा."

"माहा?"

"तुमच्या रागाचा. एक बोट असलं त रजा मांगाची. दोन-तीन असले त गुमान काम कराचं. पाच असले त..." कडूबा पडलेल्या किल्ल्या गोळा करू लागला. "मालक जे म्हनतीन त्याले हाव म्हनाचं. तुमचे कान तिखट, म्हनून बोलत नाही, बोटं दाबतो."

"अन् तुले कोन सांगते?"

"मालकीणबाई. किल्ल्या देतानी. आज म्हने, चहा न पेताच गेले, पाच सांग सगळ्यायले."

साऱ्या बाजाराचे भाव भगवानरावांना तोंडपाठ होते; स्वतःचा तेवढा आज पहिल्यांदा कळला, तोही घोंगड्याखाली. मग त्यांनी उठून खुंटी उपटली, तिच्यावरचे कडूबाचे उपरणे स्वतःच्या हाताने त्याच्या खांद्यावर टाकले आणि स्वतः चालत जाऊन शालिग्राम पाटलांची माफी मागितली. उरलेली तूर तुमच्याकडे आणीन, असे पाटलांनी कबूल केले.

दुसऱ्या दिवशी मालक हसतमुखाने दुकानात आले. सगळ्यांच्या देखत त्यांनी कडूबाच्या उपरण्याखाली हात घातला. "सांग, आज किती?"

कडूबाने एक बोट हळुवार दाबले.

भगवानरावांचे हसू मावळले. त्यांनी कडूबाकडे पाहिले, इंद्रभानकडे पाहिले, मग रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे पाहिले.

"एकच?" ते म्हणाले. "खरं सांग बे, काय लपवून राह्यले तुम्ही?"

कडूबाने नजर दुसरीकडे वळवली आणि निमूटपणे उरलेली चार बोटे दाबली.