रामटेकेकाकांचं रजिस्टर

रामटेकेकाका आमच्याकडे चहाला आले की आधी कप उजेडाकडे धरतात. मग कपाचा कान हलवून पाहतात. मग एक घोट घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "रीचेक." मग दुसरा घोट. चहा जमला की नाही, हे माझ्या बायकोला तिसऱ्या घोटाच्या आत कधीच कळलेलं नाही.

काका खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात इन्स्पेक्टर होते. दुसऱ्यांनी बनवलेलं तपासण्यातच त्यांची सगळी नोकरी सरली. रिटायर होऊन त्यांनी आमच्या शेजारी घर बांधलं, पण तपासणी काही सुटली नाही. लावलेलं कुलूप रीचेक, भाजीवाल्याचा काटा रीचेक. एकदा तर लग्नाच्या पत्रिकेवर लाल पेनाने खुणा करून त्यांनी ती यजमानांना परत नेऊन दिली होती.

त्यांच्या पत्नी, कुंदाकाकू, रविवारी बुद्धविहारात मुलांना मराठी शिकवायच्या. इकडे हिंदी मुलखात वाढलेल्या मुलांना मराठी समजतं, पण तोंड उघडलं की हिंदी बाहेर येते. म्हणून काकू घरच्या कॉम्प्युटरवर सोपे धडे टाइप करत बसायच्या आणि काका मागे उभे राहून त्यांचे काना-मात्रा तपासायचे. एक दिवस काकूंनी काही न बोलता त्याच कॉम्प्युटरवर स्वतःचं वेगळं खातं उघडलं आणि त्याला पासवर्ड लावला. काका महिनाभर फुरंगटून बसले होते. काकू त्या खात्यात काय लिहीत होत्या, ते कोणालाच माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. पासवर्ड त्यांनी कोणाला सांगितला नाही.

पुढे तो कॉम्प्युटर फारच हळू चालायला लागला. मी नेपियर टाउनमध्ये एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळे शेजाऱ्यांची असली दुखणी माझ्याकडेच येतात. विंडोज जुनं झालंय, त्याऐवजी लिनक्स टाकू, फुकट मिळतं, असं मी काकांना सुचवलं.

"फुकट?" काकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "फुकट काहून देऊन राहिले?"

"त्याचा सगळा कोड उघडा असतो काका. जगातला कोणीही तो तपासू शकतो. चूक सापडली तर दुरुस्तही करू शकतो."

काका खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे दुनियाभर इन्स्पेक्टर बसले आहेत? बिनपगारी?"

"तसंच समजा."

"अच्छा," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आदर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तरी आठ दिवस त्यांनी लिनक्स नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं. नवव्या दिवशी मला बोलावणं आलं. बसवताना पडद्यावर दोन पर्याय येतात: जुनं सगळं पुसून नवं टाका, किंवा जुन्याच्या शेजारी नवं बसवा. पुसलं तर जागा होईल, असं मी म्हणालो.

"मास्तर, कारखान्यात नवं माप आलं म्हणून आम्ही जुनं फेकत नव्हतो. दोन्ही बाजूबाजूला चालवत होतो. तिच्या खात्यातलं एक अक्षर हललं नाही पाहिजे. काय निवडलं ते मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. "रीचेक." पुन्हा वाचलं. "रीचेक." मी वैतागलो होतो. म्हणून तिसऱ्यांदा एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं, तेव्हा लक्षात आलं की दोन्ही वेळा मी मनातलंच बोललो होतो आणि खूण पुसायच्या पर्यायावर होती. मी घाईघाईने खूण शेजारी बसवायच्या पर्यायावर नेली. काका चष्मा पुसत बसले.

तेव्हापासून कॉम्प्युटर सुरू केला की दोन नावांची यादी येते आणि मशीन दहा सेकंद थांबून विचारतं, कुठं जायचं? दिवसभर काका लिनक्समध्ये असत. संध्याकाळी सहाला मात्र बंद करून पुन्हा चालू करत आणि विंडोज निवडत. मला वाटलं, सवय असेल.

मग एका दुपारी लिनक्समध्ये काही दाखवताना मी सहज जुनी डिस्क उघडली. आत 'कुंदा' नावाचा फोल्डर होता.

"काका, पासवर्डची गरजच नाही. इथून सगळं दिसतं."

काकांनी माझा हात माउसवरून उचलला. "बंद करा. तिनं दार लावलं होतं. मागच्या खिडकीतून घुसायचं नाही."

"मग उघडणार कसं?"

काकांनी ड्रॉवरमधून रजिस्टर काढून माझ्यासमोर ठेवलं. तीन रकाने आखलेले होते: तारीख, शब्द, निकाल. रोज संध्याकाळी सहाला काकूंच्या खात्यावर एक शब्द टाकून पाहायचा, एकच. शब्द चुकला की काकूंनी स्वतःला आठवण म्हणून लिहून ठेवलेली ओळ पडद्यावर येते: यांना माहीत आहे.

मी पानं चाळली. काकूंच्या आईचं नाव. माहेरचं गाव. पहिल्या क्वार्टरचा नंबर. भेडाघाटचा धबधबा. सदर बाजारातून घेतलेल्या निळ्या साडीचा रंग. प्रत्येकापुढे लाल पेनानं लिहिलं होतं: नाही. एका माणसाला बायकोबद्दल इतकं आठवतं, हे पाहून मला माझीच लाज वाटली. माझी तर चार पानंसुद्धा भरली नसती.

एकीकडे मला एक शब्द सुचत होता. तो सांगावा की नाही या विचारात मी रजिस्टर मिटायला गेलो आणि शेवटचं पान उघडलं. तिथं पेन्सिलीनं पहिल्याच दिवसाची तारीख होती. पुढे लिहिलं होतं: रीचेक. निकालाचा रकाना कोरा होता.

"पहिल्याच दिवशी सुचला होता," काका म्हणाले. "जनमभर त्याच शब्दानं छळलं मी तिला. तोच आहे. पक्का तोच आहे."

"मग टाकला काहून नाही?"

"एकदा उघडलं की वाचून होईल, मास्तर. मग तिचं काही यायचं बाकी राहणार नाही." त्यांनी रजिस्टर माझ्या हातातून घेतलं. "ते शेवटचं पान आहे. मधली भरू द्या."

तोवर सहा वाजत आले होते. काकांनी मशीन बंद करून चालू केलं आणि यादीत खाली जाऊन विंडोज निवडलं. एका बोटानं, अक्षरं शोधत, त्यांनी जांभूळ हा शब्द टाकला. ओळ आली: यांना माहीत आहे.

"हो, माहीत आहे," काका पडद्याला हळूच म्हणाले. मग लाल पेनाचं टोपण काढून त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं: नाही.