बोट बंद नव्हती

बायकोलाही कधी सांगितलं नाही ते इथे सांगतो. स्कॉटलंडच्या त्या टोकाच्या बेटावर बोट बंद नव्हती.

पण आधी हिराजीकाका. पेणला आमच्या शेजारी त्यांचा गणपतींचा कारखाना. कुठलाही उभा दगड दिसला की काका थांबतात, वरच्या टोकाला अंगठा टेकवतात आणि निकाल देतात, "कच्चा हाय." रंग न चढलेल्या मूर्तीला आमच्याकडे कच्ची म्हणतात. वडखळच्या नाक्यावर त्यांनी मैलाचा दगडही सोडला नाही. मागे एसटी हॉर्न मारत होती.

हे वेड त्या बेटावरचं. काकांचा नितीन ग्लासगोला असतो. कारखान्यात मूर्तींचे डोळे तोच आखायचा. बापाशी भांडून गेला, तो परत आलाच नाही. कंपनीच्या कामाला मी तिकडे निघालो तेव्हा काकांना सोबत घेतलं. नितीन म्हणाला होता, बेटावरच भेटू. आम्ही पोचलो आणि त्याचा फोन आला, "सुनील, नाही जमणार रे. बाबांसमोर उभं राहवत नाही. तूच सांग काहीतरी."

मी काकांना सांगितलं, वाऱ्यामुळे बोट बंद आहे.

मग वेळ काढायला काकांना घेऊन बेटभर हिंडलो. तिकडे उन्हाळ्यात अंधार असा पडतच नाही. संध्याकाळ दुधासारखी सांडून राहते. त्या उजेडात, माळावर, माणसाहून उंच दगड गोल करून उभे. मधून मेंढ्या चरतात. धुकं आलं की दगड चालल्यासारखे वाटतात.

"हजारो वर्षांपूर्वीचे आहेत, काका."

"आनि आजून कच्चे? कारागीर पलाला का काय?"

वाळूखाली सापडलेली त्या काळची घरंही पाहिली. दगडाची मांडणी, मधोमध चूल, भिंतीलगत दगडी खाटा. काकांना नवल नाही. "गडबला माज्या सासऱ्याचा घर आसाच व्हता. त्याला कोन तिकीट लावला नाय." मग एका आखूड खाटेपाशी ते थबकले. हात फिरवून म्हणाले, "ही पोराची."

रोज संध्याकाळी दगडांच्या टेकाडावर जाऊन बसायचे. मी म्हणायचो, "चला, गार वारा आहे." ते म्हणायचे, "थांब रं. डोलं काडनारा येल."

आता कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ते दगड ऐकावे लागतात. परवा माझ्यासमोर रोह्याची एक गिऱ्हाईक बाई मध्येच म्हणाली, "त्या ऱ्हाऊ दे. नितीन भेटला का?"

"कसा भेटंल गो? बोट बंद व्हती. वारा कसला!"

बाई गेली. काकांनी कुंचला उचलला, श्वास रोखून एका मूर्तीचा डोळा आखला, आणि मान न वळवता म्हणाले, "सुन्या, त्या टेकाडावरनं धक्का सगला दिसत व्हता. बोट रोज लागायची. मी उतरनारी मानसा बघायचो."

त्यांच्या मागे फळीवर, गणपतींच्या रांगेत, बेटावरून आणलेला एक गोटा आहे. त्याला डोळे नाहीत. काका कुणाला काढूही देत नाहीत.

मी म्हणालो, "काका, रंग सुकतोय."

हिराजीकाकांना मी अजून एक वाक्य देणं लागतो: नितीन येणार नव्हता, आणि मला ते पहिल्या संध्याकाळपासून ठाऊक होतं.