मायाप्पांची टोपी निळी कशी झाली?

फोटो काढण्यात माझा हात धरेल असा माणूस अख्ख्या सोलापुरात नाही! हे मी म्हणत नाही, माझ्या कॅमेऱ्याचा स्क्रीन म्हणतो. त्याच्यावर आजवर माझा एकही फोटो वाईट दिसलेला नाही.

चौतीस वर्षं सरकारी कचेरीत घासून मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि दुसऱ्याच दिवशी कॅमेरा घेतला. "मोबाईलमध्ये आहे की कॅमेरा," असं आमची चंद्रिका म्हणाली. बायकोच ती, म्हणणारच! मी म्हटलं, "मोबाईल गुड मॉर्निंग पाठवायला असतो. फोटो ही गंभीर गोष्ट आहे!" तेव्हापासून आमच्या घरात शेंगाचटणीसुद्धा फोटो झाल्याशिवाय ताटात पडत नाही. तोवर मऊ भाकरीची कडक भाकरी होते, पण कलेसाठी माणसाने दात झिजवायला नकोत का?

माझ्याबद्दल आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नोकरीत मी फार काटेकोर होतो. नोव्हेंबर आला की पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला घेऊन यायची. कागदात काही कमी असलं की एखादे आजोबा काठी टेकत म्हणायचे, "सायेब, मी जित्ता हाय की! बघा की माझ्याकडं!" मी मान वर न करता सांगायचो, "तुम्ही दिसताय हो, पण फायलीत दिसत नाही." फायलीत असेल तेच खरं! समोर काय, कोणीही येऊन उभं राहतं.

तर माझा मेहुणा मल्लिनाथ. त्याचा अक्कलकोट रोडला चादरींचा छोटा कारखाना आहे. एक दिवस त्याला अकलूजहून मोठं गिऱ्हाईक आलं. उदयसिंह म्हणून ऊसवाले बागायतदार. त्यांची एकसष्टी होती आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला एकेक चादर द्यायची होती. एकूण तीनशे चादरी, रंग डाळिंबी! का, तर त्यांच्या सौभाग्यवती वैजयंतीताईंना दुसरा रंग चालत नाही.

"नमुन्याची चादर कुरियरने पाठवतो," मल्लिनाथ म्हणाला.

"कुरियर?" मी हसलो. "अरे, कुठल्या जमान्यात आहेस? मी फोटो काढतो, तू पाठव. चादरीपेक्षा फोटो चांगला दिसेल!"

हे वाक्य पुढे इतकं खरं ठरेल असं मला वाटलं नव्हतं.

कारखान्यात सूत रंगवायचं काम मायाप्पा मास्तरांकडे. मल्लिनाथच्या वडिलांच्या काळापासूनचा माणूस. पांढरीशुभ्र टोपी, तितक्याच पांढऱ्या मिशा आणि कोपरापर्यंत रंगलेले हात. लिहिता-वाचता फारसं येत नाही, पण ओलं सूत उन्हात धरून वाळल्यावर कोणता रंग येईल ते अचूक सांगतात. त्यांनी सूत रंगवलं, मागावर नमुना विणला, मी अंगणात चादर पसरून फोटो काढला. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघतो तर काय! नुकतं डाळिंब फोडावं तसा रंग!

"दाजी, कमाल केली की!" मल्लिनाथ म्हणाला. मायाप्पा मात्र स्क्रीनकडे बघून पुटपुटले, "चादरीपरीस जरा जास्तच झाक मारतंय."

मी दुर्लक्ष केलं. कलावंताला टीका सोसावी लागते.

मग फोटो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घेतला आणि माझं तोंडच उतरलं. पडद्यावर डाळिंबाच्या जागी वांगं! चांगलं पोसलेलं, काळपट-जांभळं वांगं!

"हा रंग?" मल्लिनाथ ओरडला. रागावला की तो कन्नडमध्ये शिरतो. "एन्री, काय हो मास्तर हे!"

मायाप्पांनी चादर उचलून टेबलावर ठेवली. "मालक, चादर हितं हाय. हिच्याकडं बघा की."

आणि इथे मी मधे पडलो. चौतीस वर्षांचा अनुभव गप्प बसू देईना. "मास्तर, गिऱ्हाईक चादर बघणार नाही, फोटो बघणार! कॅमेऱ्याचा स्क्रीन बोटभर. त्याच्यावर काय, सगळंच गोड दिसतं. कॉम्प्युटर मोठा. त्याच्यावर जीएसटी भरतात! तो खोटं बोलेल का?"

"आमचा पडदा तर फार चांगला आहे," हिशेबनीस सिद्धेश्वर म्हणाला. "जरा थंड रंगाचा आहे. दिवसभर बघितलं तरी डोळे दुखत नाहीत."

ठरलं! चादर चुकली होती, फोटो बरोबर होता. ती चादर घडी करून सिद्धेश्वरने पाहुण्यांच्या खुर्चीवर टाकली आणि मल्लिनाथने मायाप्पांना रंग आणखी लाल करायला सांगितलं.

दोन दिवसांनी दुसरा नमुना आला. कॉम्प्युटरवर वांगं जरा उजळलं. "आणखी लाल!" मी म्हणालो. मायाप्पा म्हणाले, "दाजी, मी डोळ्यानं बघून रंग करतो. तुमी म्हणताय म्हणून पडद्याला बघून करतोय. पुढं मला बोलू नका." तिसरा नमुना आला तेव्हा पडद्यावर हुबेहूब डाळिंब उमटलं. टाळ्या वाजल्या! मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली. प्रत्यक्ष चादर कशी झाली आहे हे मात्र कोणी बघितलं नाही; मीसुद्धा फोटो काढताना एक डोळा मिटून दुसरा कॅमेऱ्याला लावला होता. बघवतच नव्हती! मागावरच्या माणसाने फोटो झाल्या झाल्या तिची उलटी घडी घातली होती.

कॉम्प्युटरवरूनच फोटो अकलूजला गेला. पाच मिनिटांत उदयसिंहांचा फोन आला. मल्लिनाथने स्पीकर लावला, कौतुक सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"व्हय ओ शेट, माझी एकसष्टी हाय! आगीच्या बंबाचं उद्घाटन न्हाय!"

"म्हणजे?"

"म्हंजे काय? मोबाईल हातात धरवंना! आमच्या मंडळी म्हणत्यात, ही चादर पांघरून रानात झोपलं तर बैल अंगावर येतील! उद्या आम्ही सोताच येतो. तुमच्याकडं डाळिंबी रंग जमतो का न्हाय, तेवढं डोळ्यानं बघतो आन् जातो."

फोन ठेवला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता सांगायला लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू? माझ्या तोंडून निघालं, "मास्तरांचं वय झालंय रे मल्लिनाथ. मोतीबिंदू असेल. त्यांना बिचाऱ्यांना लाल कळत नसेल."

बोललो आणि मोकळा झालो. मल्लिनाथ तिरमिरीत डाइंगमध्ये, म्हणजे सूत रंगवायच्या खोलीत, गेला आणि मायाप्पांना म्हणाला, "उद्यापासून घरी बसा." त्यांनी हातातलं सूत तेवढं काळजीने दांडीवर टाकलं. त्या रात्री चंद्रिकाने मला जेवायला वाढलं, पण फोटो काढू दिला नाही. "चाळीस वर्षांत त्या माणसाचा एक रंग चुकला नाही," ती म्हणाली. "तुमचा कॅमेरा आला आणि लगेच मोतीबिंदू झाला का त्यांना?" भाकरी गरम होती, तरी मी अर्धी टाकून उठलो.

दुसऱ्या दिवशी उदयसिंह आणि वैजयंतीताई आले. ताई खुर्चीत बसल्या. मी, मल्लिनाथ आणि सिद्धेश्वर कॉम्प्युटरसमोर उभे राहून त्यांना तिन्ही नमुन्यांचे फोटो दाखवत होतो. वांगं, उजळ वांगं, डाळिंब.

"ह्यो शेवटचा बरा हाय की," उदयसिंह गोंधळले. "मंग माझ्या मोबाईलवर जाळ कसा आला?"

तेवढ्यात मायाप्पा दारात आले, डाइंगच्या किल्ल्या परत द्यायला. किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि मला म्हणाले, "दाजी, जाता जाता माझा एक फोटू काढा की."

निरोपाचा फोटो! मी कॅमेरा काढला. ते भिंतीला टेकून ताठ उभे राहिले. फोटो काढून मी कॉम्प्युटरवर लावला.

"माझी टोपी कसल्या रंगाची दिसतीय?" मायाप्पांनी विचारलं.

आम्ही तिघांनी पडद्यात डोकं घातलं. "निळसर," मी म्हणालो.

"नीळ जास्त झाली असेल," सिद्धेश्वर म्हणाला. "धुताना बेताने घालावी मास्तर."

"आन् मिशा?"

"मिशाही निळसर," मी म्हणालो.

"मिशीला बी नीळ घातली व्हय मी?"

वैजयंतीताई खुदकन हसल्या.

"आन् ही मागची भित? मल्लिनाथ मालक, ही भित तुमीच दिवाळीला पांढरी करून घेतली न्हवं? आता तरी मागं वळून बघा की रं लेकांनो!"

आम्ही वळून बघितलं. टोपी पांढरी, मिशा पांढऱ्या, भिंत पांढरी! परत पडद्याकडे बघितलं तर सगळं निळं! पाच फुटांवर उभ्या असलेल्या माणसाची टोपी कसल्या रंगाची आहे हे आम्ही तिघं सुशिक्षित कॉम्प्युटरला विचारत होतो!

"सुताला रंग फिका चढला तर मी सुताला शिव्या देत न्हाय," मायाप्पा म्हणाले. "आदी नळाला पानी कसलं येतंय ते बघतो." ते कॉम्प्युटरच्या मागे गेले, पडद्याला जोडलेली वायर चाचपली आणि निम्मी बाहेर आलेली पिन अंगठ्याने दाबली. खट्ट! पडद्यात लाल रंग शिरला. टोपी पांढरी झाली. सिद्धेश्वर दचकून मागे सरकला. त्याने त्या पडद्यावर पांढरं म्हणून पांढरं दोन वर्षांत बघितलं नव्हतं!

मग तिसऱ्या चादरीचा फोटो लावला, तर पडद्यातून नुसता जाळ. आणि पहिल्या चादरीचा लावला, तर शांत, खानदानी डाळिंबी.

"ह्यो कॅमेरा ग्वाड खोटं बोलतोय, कॉम्प्युटर कडू खोटं बोलत हुता," मायाप्पा म्हणाले. "चादरीला कुणी इचारलंच न्हाय."

"हीच! हाच रंग पायजे!" वैजयंतीताई उठून उभ्या राहिल्या. "कुटं हाय ही चादर?"

शोधाशोध सुरू झाली. कपाट बघितलं, गोदाम बघितलं. शेवटी उदयसिंह म्हणाले, "अहो, तुमी आत्तापतुर बसला कशावर हुता?"

ताई अर्धा तास त्याच चादरीवर बसल्या होत्या.

तीनशे चादरींचं काम तिथल्या तिथे पक्कं झालं. उदयसिंहांची एकच अट होती, रंग मास्तरांच्या डोळ्याने व्हायचा. मल्लिनाथने टेबलावरच्या किल्ल्या उचलून स्वतः मायाप्पांच्या हातात ठेवल्या आणि त्यांच्या पाया पडला. मीही वाकलो. "राहू द्या दाजी," ते म्हणाले, "गळ्यातला कॅमेरा आपटंल." त्यांनी एवढंच म्हटलं, म्हणून मला जास्त लागलं.

गोष्ट इथे संपली असती तर माझी अब्रू थोडी तरी शिल्लक राहिली असती. पण नोव्हेंबर आला.

हयातीचा दाखला द्यायला मी बँकेत गेलो. हल्ली कागद नसतो, चेहरा कॉम्प्युटरला दाखवायचा असतो. काउंटरवरच्या मुलीने माझा फोटो घेतला. पडद्याकडे बघून तिने मान हलवली. पुन्हा घेतला, पुन्हा हलवली.

"काका, जुळत नाही."

"अहो, मी समोर उभा आहे की!"

मान वर न करता ती म्हणाली, "तुम्ही दिसताय हो, पण इथे दिसत नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. बहुतेक माझ्या कचेरीत कधीतरी काठी टेकत आलेलं असावं.

साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "ओळखणारा कोणी भरवशाचा माणूस आणा. मग बघू." चंद्रिका यात्रेला गेलेली, मल्लिनाथ अकलूजला. शेवटी डोळे मिटून कारखान्यात फोन लावला.

पाऊण तासाने मायाप्पा आले. पांढरी टोपी, रंगलेले हात. काय अडलंय ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझा दंड धरून मला बँकेच्या दारात, उन्हात नेलं. हनुवटी धरून तोंड इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, ओलं सूत बघतात तसं डोळे बारीक करून बघितलं आणि साहेबांना ओरडून सांगितलं,

"हाय, ह्योच हाय! जरा रंग उडालाय, पन माल त्योच हाय!"