शुभांगीताईंचा ओंकार

समोरच्याला धडक देऊन आडवं पाडण्याआधी त्याला ‘सॉरी हां’ म्हणणारा रग्बीपटू जगात एकच असावा. तो घोडपदेवला आमच्या शेजारच्या खोलीत राहतो.

ओंकार परब. वय वीस. खांदे असे, की तो चाळीचा जिना चढत असला तर आपण वरच थांबायचं. कुणाचा सिलिंडर आला की पहिली हाक त्यालाच. पण स्वभाव असा, की मांजरीच्या शेपटीवर पाय पडला तर दिवसभर वाटीत दूध घेऊन तिच्यामागे फिरेल.

रग्बी त्याच्याकडे आईकडून आली. शुभांगीताई देशाकडून खेळलेल्या. चाळीच्या मंडळाच्या ऑफिसात त्यांचा फोटो आहे : अंगभर चिखल, दोन बायका पायांना लोंबकळतायत आणि ताई तरीही पळतायत! पुढे गुडघा गेला, खेळ सुटला. आता त्या शिवडीला एका गोदामात सुपरवायझर आहेत. मैदानाकडे पुन्हा फिरकल्या नाहीत.

ओंकार मात्र कुठेही निघाला की रग्बीचा लांबट चेंडू काखेत. “हाताला सवय पाहिजे ना, काका.” एकदा भाजीवालीसमोर उभा होता, तर एका मावशींनी विचारलं, “ही पपई केवढ्याला दिली रे?” हा गंभीरपणे म्हणाला, “मावशी, ही पिकत नाही.”

त्याच्या सॉरीची कीर्ती दुसऱ्या संघांपर्यंत पोचली होती. सॉरी ऐकू आलं की पोरं बाजूला सरकायची आणि ओंकार हवेला मिठी मारून जमिनीवर. घरी आला की भिंतीपलीकडून ताईंचा आवाज यायचा, “थंय खेळाक जातस की माफी मागूक?” मग खुर्च्या सरकल्याचे, काहीतरी धप्पकन पडल्याचे आवाज, आणि शेवटी दोघांचं हसणं.

गेल्या महिन्यात निवडीचा सामना होता, परळला. मीही गेलो. एक काटकुळा पोरगा चेंडू घेऊन सरळ ओंकारवर आला. “सॉरी हां!” पोरगा सटकला, ओंकार मातीत. मागून कुणीतरी म्हणालं, “आईचं नाव घालवणार हा.” त्याचे कान लाल झाले. शेवटी त्याला राखीव खेळाडू म्हणून घेतलं.

परतताना मी म्हटलं, “अरे, जमत नसेल तर सोड. आई काय रागावणार आहे?”

त्याने चेंडू एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला.

“काका, बाबा गेल्यावर आई बोलायचीच नाही. जेवलास का, दार लाव, बस. अकरावीत मी मित्राचा हा चेंडू घरी आणला. तिने हातातून घेतला, म्हणाली, असो नाय धरत. आणि काका, तासभर बोलली! कुठे कुठे खेळली, कोणाला कसं पाडलं. मग मीही खेळायला लागलो, आणि रोज खेळात काहीतरी चुकवून घरी जायचो.”

“मुद्दाम?”

“आधी मुद्दाम. आता खरंच चुकतं.”

मला हसू आलं. घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती उठली आणि थेट ताईंकडे गेली.

पुढच्या रविवारी सरावाला ताई आल्या. जरा लंगडत, पर्स खांद्याला. त्यांना पाहून कोच उठून उभा राहिला. ताईंनी पर्स माझ्या हातात दिली, पांढरी रेघ ओलांडली आणि ओंकारकडून चेंडू घेतला.

“पाड माका.”

“आई, गुडघा...”

“गुडघो माझो आसा. पाड.”

पोरं थिजून बघत राहिली. ओंकार धावत आला, खांदा खाली घेतला, आईला कमरेला धरून उचललं आणि गवतावर असं अलगद ठेवलं, जसं झोपलेल्या बाळाला ठेवावं.

ताई आडव्या पडल्या पडल्या हसायला लागल्या. केसात गवत, डोळ्यांत पाणी. ओंकार घाबरून बाजूला गुडघ्यावर बसला.

“धरलंस बरोबर,” त्या म्हणाल्या. “आता ह्याच जरा जोरात. आणि डोक्या बाजूक ठेव, नायतर...”

त्या सांगत होत्या, पोरं हळूहळू भोवती जमत होती. उठायची घाई ताईंनाही नव्हती आणि त्यालाही.